धयकाल्याचं खळं आणि भोवतालची बाग: कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४: जागा आणि आखणी

जागा वाडीची सामायिक, साधारण २० गुंठे. दोन बाजूंना भातशेती, उत्तरेला जुनी आंबा-फणसाची झाडं, पश्चिमेला रस्ता. जमीन जांभ्याची, वर वीतभर तांबडी माती. इथे दशावतारासाठी, म्हणजेच धयकाल्यासाठी, कायमचं खळं (सारवलेलं अंगण) करायचं आणि कडेची पट्टी फुलपाखरं, बेडूक, पक्षी यांच्यासाठी राखायची. दोन्ही कामं एकाच जागेत असल्याने दिवे, सांडपाणी, पातेरा (गळलेला पालापाचोळा) आणि वेळापत्रक या चार गोष्टींत ती एकमेकांना अडवणार. म्हणून आखणी एकाच कागदावर केली.

रंगमंच पूर्वेच्या टोकाला, तोंड पश्चिमेकडे. हिवाळ्यात रात्री मतलई वारा पूर्वेकडून वाहतो. नट त्या बाजूला असले की आवाज वाऱ्याबरोबर प्रेक्षकांकडे जातो. उलट बांधलं तर मागच्या रांगेला पखवाज ऐकू येतो, संवाद नाही. तोटा एकच: मागचा पडदा वाऱ्याने फुगून पुढे येतो. त्याला खालून बांबूची दांडी शिवायची आणि ती दोन्ही टोकांना खुंट्यांना बांधायची.

तळं नैर्ऋत्य कोपऱ्यात, रंगमंचापासून ३० मीटरच्या पलीकडे. जनरेटर वायव्येला, म्हणजे धूर आणि घरघर दोन्ही वाऱ्याखाली.

१९ ऑक्टोबर २०२४: रानमोडी

पाऊस संपत आला की माती अजून ओली असते. रानमोडी (झपाट्याने पसरणारं तण) मुळासकट उपटायची हीच वेळ. कोयत्याने छाटली तर बुडातून चार फांद्या जास्त फुटतात. डिसेंबरात ती फुलायला लागते आणि फुलल्यानंतर उपटली तर बी आपणच सगळीकडे पसरवतो. उपटलेली झुडपं मुळं वर करून खडकावर रचली. जमिनीवर टाकली असती तर ओलीत पुन्हा मुळं धरली असती.

घाणेरी एकदम काढली नाही. तिच्या फुलांवर आत्ता बरीच फुलपाखरं आहेत आणि दुसरं काही फुललेलं नाही. दरवर्षी एक तुकडा काढून तिथे दुसरं लावायचं. करवंद, दिंडा, निर्गुडी आणि खुळखुळा जसेच्या तसे ठेवले. खुळखुळा कुणाला तण वाटतो, पण ब्लू टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकलेल्या फांद्यांतून आणि शेंगांतून रस चोखतात. मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करायला तो त्यांना लागतो. वाळलेला म्हणून उपटून टाकायचा नाही.

२७ ऑक्टोबर २०२४: चौथरा आणि खळं

चौथरा २४ बाय २० फूट, उंची दीड फूट. यापेक्षा उंच नको. लोक चटईवर बसतात आणि तीन फुटांच्या स्टेजवर पुढच्या चार रांगांना नटांचे पाय दिसत नाहीत. दशावतारात पाय दिसायलाच हवेत. युद्धनृत्याची अर्धी गंमत पावलांत आहे.

कडेला चिऱ्याचे दोन थर, आत दगडगोटे, त्यावर मुरूम, वर चाळलेली तांबडी माती ४ इंच. कृती नेहमीच्या खळ्याचीच: माती पसरून संध्याकाळी पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पायाने तुडवून चोपण्याने चोपायचं. दुपारी उन्हात चोपू नये. वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खालची ओल बाहेर पडताना भेगा पाडते. चोपून झाल्यावर दोन दिवस झावळ्यांची सावली. मग शेणाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भेगा तरी पडल्या तर मातीत चिकण जास्त आहे असं समजायचं, तेवढा भाग खरवडून बारीक वाळू मिसळायची.

सिमेंटचा कोबा करावा असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. नट अनवाणी असतात, गुडघ्यावर गिरक्या घेतात. कोब्यावर गुडघे सोलतात आणि घाम पडला की पाय सरकतो. शेणाची जमीन दरवर्षी करावी लागते हे खरं, पण ती दोन सकाळींची मेहनत आहे.

चौथऱ्याच्या चिऱ्यांचे सांधे मातीने पूर्ण बुजवले. इथे फुरसं आणि विंचू दोन्ही भरपूर, आणि जांभ्याच्या फटी ही त्यांची आवडती जागा. याच्या उलट, दक्षिणेच्या कडेला चिऱ्यांची सुकी रचाई मुद्दाम फटी ठेवून केली आहे: सापसुरळ्या, पाली, सरडे, बेडूक यांच्यासाठी. तिथे फुरसंही येणार हे धरूनच ती बसायच्या जागेपासून १५ मीटर लांब ठेवली आणि मधली पट्टी कायम साफ. उरलेले चिरे प्रेक्षकांच्या बाजूला ढीग करून ठेवू नयेत. बांधकाम संपल्यावर बहुतेक ठिकाणी नेमका तोच ढीग तसाच पडून राहतो.

१ नोव्हेंबर २०२४: दिव्यांची चाचणी

आज अमावास्या, शेजारचं भात अर्धं कापलेलं. दिव्यांची चाचणी घ्यायला याहून वाईट रात्र मिळणार नाही, म्हणून हीच निवडली. भात कापलं जात असताना हिरवे तुडतुडे हजारोंनी उठतात आणि उजेडाकडे येतात. चांदणं नसलं की आणखी जास्त.

तीन दिवे, प्रत्येकी ५० वॅट एलईडी, खाली पांढरी चादर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याखाली थोड्याच वेळात चादर हिरवी झाली. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तुडतुडे आणि पतंग बरेच कमी. २२०० केल्विनच्या केशरी दिव्याखाली अगदी तुरळक. कारण सरळ आहे: कीटकांचे डोळे अतिनील आणि निळ्या प्रकाशाला जास्त संवेदनशील असतात, आणि केशरी दिव्यात तो भाग फार थोडा असतो.

मग सगळीकडे केशरीच का नको? रंगभूषेमुळे. रंगवलेला एक चेहरा तिन्ही दिव्यांखाली पाहिला. केशरीत विष्णूचा निळा रंग मळकट काळा दिसतो आणि हळदीसारखा पिवळा पांढऱ्यात विरून जातो. ३००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या दिव्याखाली निळा थोडा दबतो पण निळाच राहतो. ठरलं ते असं: रंगमंचावर ३००० केल्विन, वाटा आणि बसायच्या जागेत २२००, ६५०० कुठेच नाही, चहाच्या टपरीवरसुद्धा नाही. टपरीवाल्याचा एक उघडा पांढरा बल्ब बाकी सगळी मेहनत वाया घालवतो.

रंगमंचाचे चार दिवे १० फुटांवर, ४५ अंशात खाली वळवलेले, प्रत्येकाला पत्र्याची टोपी. दिव्याची काच बागेतून दिसता कामा नये. तपासायची रीत: अंधारात तळ्याजवळ खाली बसून रंगमंचाकडे पाहायचं. काच डोळ्यात आली तर टोपी आणखी पुढे ओढायची.

आमिष म्हणून लांब पांढरा दिवा लावून खाली घमेलं, त्यात साबणाचं पाणी, ही युक्ती आसपास सगळीकडे चालते. ती नको. त्यात तुडतुड्यांबरोबर मोठे पतंग आणि पाणभुंगेही मरतात. साधा उपाय म्हणजे भातकापणी पूर्ण झाल्याशिवाय पहिला प्रयोग लावायचा नाही.

१३ नोव्हेंबर २०२४: वीज आणि आवाज

एकूण भार दिव्यांचा २५० वॅटच्या आत, ध्वनियंत्रणा धरून दीड किलोवॅट. मीटरपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरते. सुरुवातीलाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून केला आहे, पण जांभ्याची जमीन जानेवारीनंतर ठणठणीत वाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायचं. हे विसरलं की पायपेटीवाल्याला माइकचा झटका बसतो आणि दोष मात्र माइकला दिला जातो.

संध्याकाळी शेतीचे पंप चालू असताना दाब बराच उतरतो. एलईडीला फरक पडत नाही, अँप्लिफायरला स्टॅबिलायझर लागतो.

दोन माइक आडव्या बांबूवरून टांगलेले, रंगमंचावरच्या बाकड्याच्या ३ फूट पुढे, ९ फूट उंचीवर. खाली टांगले की उगारलेली तलवार लागते. मुकुटाची उंचीही धरावी लागते. रातकिड्यांचा आवाज टांगत्या माइकांत फार शिरतो. मिक्सरवर ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा उतरवला की तो कमी होतो. त्याहून खाली हात लावला तर संवादांतले ‘स’, ‘ष’, ‘त’ गुळगुळीत होतात.

ध्वनिवर्धकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी, २००० च्या नियमांनुसार. वर्षातले १५ दिवसांपर्यंत मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते आणि ते दिवस शासन-प्रशासन ठरवतं. आपला प्रयोग त्यात बसतो का ते आधी विचारून लेखी घ्यायचं. बसत नसेल तर आडदशावतार (पूर्वरंग) सातला सुरू करून आख्यान (मुख्य कथानक) दहापर्यंत, आणि लांबलंच तर पुढे विनामाइक. विनामाइक चालवायचं असेल तर बसायची जागा ५० फुटांत आवरती घ्यावी लागते.

२४ नोव्हेंबर २०२४: पहिला प्रयोग झाल्यावर

माटव (मांडव) पोफळीच्या खांबांवर, वर झावळ्यांचे विणलेले झाप, बांधणी सुंभाची. प्लास्टिकची सुतळी वापरली नाही; ती तुटून बागेत पडते आणि पक्षी घरट्यात नेतात, पिल्लांच्या पायांना गुंडाळली जाते.

जमीन चांगली राहिली. आख्यानातल्या शेवटच्या युद्धात मात्र धूळ उठली आणि गाणाऱ्याच्या घशात गेली. सारवण आदल्या दिवशीचं होतं ते दोन दिवस आधी हवं. पूर्ण वाळलेलं शेण धरून राहतं, अर्धवट वाळलेलं पोपडे सोडतं. मधल्या विश्रांतीत हलका पाण्याचा हात मारायचा, शिंपडायचा, ओतायचा नाही.

बाकडं फणसाच्या लाकडाचं, ५ फूट लांब, दीड फूट उंच. सिंहासन, पर्वत, रथ, पलंग सगळं तेच असल्याने त्यावरून उड्या पडतात. खिळे ढिले होतात, म्हणून सांधे खाच-कुसवाचे, वर लाकडी पाचर.

जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. प्रयोग चालू असताना ती ढोलीतून निघून रस्त्यापलीकडे गेली आणि पहाटे परतली. ढोली रंगमंचाच्या दिव्यांच्या सरळ रेषेत येते. उत्तरेच्या दिव्याला आणखी एक बाजूचा पत्रा लावायला हवा.

८ डिसेंबर २०२४: रंगपटाचं पाणी

रंगपट चौथऱ्याच्या मागे, झापांचा आडोसा. चेहऱ्यावर झिंकचा पांढरा, कुंकू, काजळ, निळ्या-पिवळ्या पूडी, हल्ली चमकीही. उतरवताना आधी खोबरेल, मग साबण, मग पाणी. एका दशावतारी संचाचं मिळून दोनेकशे लिटर निघतं. उतार नैर्ऋत्येकडे, म्हणजे वाट मोकळी सोडली तर सगळं तळ्याच्या जागेत. झिंक आणि साबण दोन्ही बेडकांच्या पिल्लांना घातक.

उपाय दोन टप्प्यांचा. पहिला, चेहरे आधी तेलाने सुती फडक्यावर पुसायचे. बहुतेक रंग तिथेच निघतो आणि पाण्यात उतरत नाही. फडकी कोरड्या कचऱ्यात. दुसरा, शोषखड्डा: १ मीटर लांब-रुंद, १ मीटर खोल, खाली मोठे दगड, मध्ये विटांचे तुकडे, वर वाळू, तोंडाशी तेल धरायला नारळाच्या काथ्याचा बोळा. काथ्या दर प्रयोगानंतर बदलायचा. तेलाने बुजला की खड्डा तुंबतो आणि खड्डाच चुकला असं वाटतं. कडेला कर्दळ लावली. अळू लावायचा मोह होतो, पण हे पाणी पिऊन वाढलेलं अळू कुणीतरी फतफत्याला नेणार.

चमकी प्लास्टिकची असते, गाळली जात नाही. संचाला ती इथे वापरू नका असं आधीच सांगायचं. अभ्रकाची पूड चालते.

२२ डिसेंबर २०२४: तळं

जांभ्यात पाणी ठरत नाही. नुसतं खणून चिकणमाती चोपली तरी मार्चपर्यंत आटतं. म्हणून शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद.

माप ४ बाय ३ मीटर, मध्ये खोली ७५ सेंमी. कागदाचा हिशेब: लांबी अधिक दुप्पट खोली अधिक ६० सेंमी, तसंच रुंदीचं. म्हणजे ६.१ बाय ५.१ मीटर. खाली ५ सेंमी वाळू आणि त्यावर जुनी गोणपाटं, कारण जांभ्याचे कंगोरे पाण्याच्या भाराखाली कागदाला भोक पाडतात. एक बाजू हळू उतरती, एक खोलीला तीन लांबी; उभ्या गुळगुळीत कडेवरून बेडकाला आणि पाण्यात पडलेल्या खारीला बाहेर येता येत नाही. उघडा राहिलेला कागद उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकतो, त्यावर माती आणि चपटे दगड.

झाडं: कडेला वाळा आणि ब्राह्मी, मध्ये कुंडीत कुमुद. पाणकणीस लावू नये, त्याच्या मुळ्या कागद फोडतात. जलपर्णी तर वाडीत येऊच देऊ नये.

डासांसाठी गप्पी सोडा असा सल्ला सगळे देतात. गप्पी बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या दोन्ही खातात, आणि डासांवर खरा जाच चतुरांच्या अळ्यांचाच असतो. मासे न सोडता थांबायचं. चतुर आणि टाचण्या आपोआप येऊन अंडी घालतात. तोवर आठवड्यातून एकदा चहाच्या गाळणीने डासांच्या अळ्या काढायच्या. काम कंटाळवाणं आहे खरं.

मुलांसाठी भोवती कमरेएवढं बांबूचं कुंपण, खाली वीतभर मोकळं.

९ फेब्रुवारी २०२५: पेट्या

दयाळ मार्चपासून घरटी करायला लागतो, पेट्या त्याआधी लागल्या पाहिजेत. फळी २ सेंमी जाड, तळ १५ बाय १५, उंची ३०, भोक ६ सेंमी, वरून ५ सेंमीवर. भोकाखाली बसायची काडी लावायची नाही. पक्ष्याला ती लागत नाही, कावळ्याला लागते. आतून रंधा नको, खरखरीत फळीवरच पिल्लू चढतं. तळाला चार बारीक छिद्रं. तोंड ईशान्येला, पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. उंची अडीच-तीन मीटर, दिव्यांच्या मागच्या अंधारात.

१७ मार्च २०२५: शिमगा

होळीसाठी उंच झाड तोडतात. तोडायच्या आदल्या दिवशी ढोल्या आणि बांडगुळं पाहून घ्यायची. बांडगुळावर कॉमन जेझेबेल फुलपाखराची मादी अंडी घालते, एका पानावर गठ्ठ्याने. आंब्याला बांडगूळ नकोच, ते कापायचं. आंबा नसलेल्या कडेच्या एका झाडावरचं ठेवलं आहे.

२० एप्रिल २०२५: पातेरा, भाजावळ, पाणी

तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, वाडीत सगळीकडे पातेरा गोळा होतो आहे. पातेऱ्यात काजव्यांच्या अळ्या असतात, ओलसर जागी गोगलगायी खाऊन वाढतात. पातेरा झाडून नेला किंवा जाळला की पुढच्या पावसाचे काजवे तिथेच संपतात. वाटणी अशी केली: खळं, वाटा आणि बसायची जागा यांवरचा सगळा पातेरा भाजावळीला, कुंपणालगतची ३ मीटरची पट्टी आणि तळ्याचा काठ अजिबात झाडायचा नाही. हद्दीला चुन्याचे दगड ठेवले, कारण झाडणाऱ्याला दर वेळी सांगणं शक्य नाही.

तळ्याचं पाणी रोज ५ ते ६ मिलिमीटर उडतं, १२ चौरस मीटरला साधारण ६० ते ७० लिटर. आठवड्याचं एकदम भरू नये, थंड बोअरच्या पाण्याने पिल्लांना धक्का बसतो. रोज चार-पाच घागरी, संध्याकाळी.

प्रयोगांची शेवटची तारीख दरवर्षी १० मे धरायची. त्यानंतर वळवाच्या पहिल्या सरीला वाळवीचे पंखवाले किडे उठतात आणि कोणत्याही दिव्याखाली प्रयोग चालत नाही.

२६ मे २०२५: पाऊस लवकर

मान्सून काल देवगडपर्यंत पोचला, त्याआधीच चार-पाच दिवस पाऊस लागून होता. माटव घाईने उतरवावा लागला. झाप भिजलेले. ते ढीग करून कुजत ठेवायचे नाहीत. कुजत्या झावळ्यांत गेंडा भुंगा वाढतो आणि शेजारच्या माडांच्या शेंड्यात शिरतो. सुटे करून पडवीत उभे वाळत घातले, चुलीला जातील.

चौथऱ्यावर आधी ताडपत्री, त्यावर झावळ्या. ताडपत्री एकटी वाऱ्याने फडफडते आणि सारवण घासून काढते. कडेने पाण्याला चर.

काजवे दिसायला लागले आहेत, कुंपणाच्या पट्टीत आणि आंब्यांखाली. आजपासून जूनअखेर वाटेचे सगळे दिवे बंद, केशरीसुद्धा. नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणांनी शोधतात, भोवती दुसरा उजेड असला की खूण दिसत नाही. सलग झोडणाऱ्या पावसात ते उडत नाहीत, उघडीप मिळाली की दिसतात. पाहायला येणाऱ्यांच्या मोबाइलच्या बॅटऱ्या ही वेगळी कटकट. टॉर्चला लाल जिलेटिन बांधून तो खाली धरायचा, आणि फुरशामुळे बूट घातल्याशिवाय आत सोडायचं नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर रंगपटाच्या खांबावर रंगवला आहे.

८ जून २०२५: लागवड

कुंपणाला निर्गुडी: अंगठ्याएवढ्या जाडीच्या दीड फुटी काड्या, तिरप्या कापून एक तृतीयांश जमिनीत, एका फुटावर एक. गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, फुलांवर मधमाश्या येतात.

फुलपाखरांसाठी फुलांपेक्षा अळ्यांचं खाद्य आधी. माकडलिंबू आणि कढीपत्ता मॉरमॉन जातींसाठी. ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५ पासूनचं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, इथे लिंबू वर्गावरच वाढते. सापसंद सदर्न बर्डविंग आणि कॉमन रोझसाठी, रुई प्लेन टायगरसाठी, बहावा एमिग्रंटसाठी. कढीपत्ता दोन जागी लावला: एक वाडीच्या वापरासाठी, एक अळ्यांसाठी. एकाच झाडावर दोघांचं भागत नाही, आणि अळ्या दिसल्या की कुणीतरी फवारतं. सापसंदाची रोपं सावलीत, आधाराला करवंदाच्या जाळीजवळ. पहिल्या वर्षी एका सुरवंटाने अख्खी वेल संपवू नये म्हणून सहा रोपं एकमेकांपासून लांब.

राहिलेली कामं: उत्तरेच्या दिव्याचा बाजूचा पत्रा, शोषखड्ड्याच्या काथ्याचा साठा, घाणेरीचा पहिला तुकडा ऑगस्टमध्ये, चोपण्याचा दांडा बदलणे.